दिवाळीनंतर बघू

कपाशीवर कामगंध सापळ्यात बोंडअळीचे पतंग दिसू लागले, तरी 'आठ-पंधरा दिवस थांबून बघू' म्हणणाऱ्या कास्तकारांशी भांडण्यात माझी सारी नोकरी गेली. 'रोग डोळ्यांना दिसायची वाट पाहू नका, लागला की इलाज करा' हे वाक्य मी किती चावड्यांवर आणि किती शेतीशाळांत बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. पण माझ्याच घरातल्या पोरीच्या डोळ्यांची वेळ आली तेव्हा 'दिवाळीनंतर बघू' हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. त्या दोन शब्दांची किंमत आमच्या घराला काय पडली ते आज तुम्हांला सांगायचे आहे. सांगताना लाज वाटते. पण माझ्या लाजेपेक्षा तुमच्या घरातल्या मुलाचा डोळा मोठा आहे.

माझा धाकटा भाऊ गावी शेती पाहतो. कपाशी, तूर, थोडे सोयाबीन. त्याची मुलगी २०२३ साली पंधरा वर्षांची होती, दहावीत गेली होती. दीड वर्षात तिचा चष्मा तीनदा बदलला. दर वेळी नंबर वाढलेला, आणि त्यातही तो तिरका, सिलिंडरचा नंबर. नवा चष्मा आला की चार दिवस बरे वाटे, पुन्हा फळ्यावरचे अक्षर फाटल्यासारखे दिसे. भाऊ म्हणे, दुकानदाराने काच चुकीची घातली. वहिनी म्हणे, मोबाइल पाहून झाले. मी शिकलेला, मी म्हटले, अभ्यासाला उजेड चांगला घ्या. तिघांचेही चुकत होते.

एका रात्री आम्ही अंगणात बसलो होतो. लांब, नाल्यापलीकडच्या शेतात कोणीतरी ओलिताला दिवा लावला होता. पोरगी म्हणाली, "काकाजी, मले त्या एका दिव्याचे तीन दिवे दिसते."

मी हसलो. म्हटले, एक डोळा झाक पाहू. तिने उजव्या डोळ्याने एकट्याने पाहिले. "आताही तीनच दिसते. वरच्या दिव्याले शेपूट आहे."

वाचकहो, ही खूण नीट ध्यानात ठेवा. दोन्ही डोळे उघडे असताना एका वस्तूच्या दोन वस्तू दिसणे वेगळे. एक डोळा झाकून, उरलेल्या एकाच डोळ्याला एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसणे, चंद्राला पदर सुटल्यासारखे दिसणे, दिव्याला शेपूट फुटणे, हे त्या डोळ्याच्या पुढच्या काचेत काही बिघडल्याचे लक्षण असू शकते. मला त्या रात्री हे ठाऊक नव्हते.

जुलैमध्ये तिला घेऊन नागपूरच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात गेलो. तिथे यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवले आणि थोड्या वेळात पडद्यावर तिच्या बुबुळाचा नकाशा उमटला. तो पाहून मी जरा चमकलोच. कारण तसला नकाशा मी उभ्या आयुष्यात हजारदा पाहिला आहे. पाणलोटाच्या कामात आम्ही शेताचा उंचसखलपणा मोजतो आणि समपातळीच्या रेषा काढतो ना, अगदी तोच प्रकार. सपाट भाग निळा, चढ हिरवा-पिवळा, आणि टेकडी लाल. तिच्या उजव्या डोळ्याच्या मध्याखाली लाल टेकडी उभी होती. डाव्या डोळ्यात टेकाड नुकते वर येऊ लागले होते.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावून सांगितले. डोळ्याच्या अगदी पुढे जी पारदर्शक काच असते, तिला पारपटल म्हणतात. मध्यभागी तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. काही जणांत, बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांच्या वयापासून पुढे, ही काच पातळ आणि मऊ होऊ लागते. डोळ्याच्या आत पाण्याचा दाब असतोच. पातळ जागा त्या दाबाने पुढे येते आणि गोल काच शंकूसारखी टोकदार होते. ह्या आजाराला केराटोकोनस म्हणतात. आकारच बिघडल्यामुळे उजेड एका जागी मिळत नाही आणि चष्म्याने नजर पुरती जुळत नाही. जॉन नॉटिंगहॅम नावाच्या इंग्लंडमधल्या वैद्याने १८५४ सालीच ह्या आजाराचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. पण तो थांबवायचा उपाय त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे कोणाच्या हाती नव्हता.

मग त्यांनी विचारले, "ही डोळे चोळते का?"

चोळते का म्हणजे! लहानपणापासून माघ-फाल्गुनात तिच्या डोळ्यांना खाज सुटे. मळणीचा भुसा उडाला की मुठी डोळ्यांवर. आम्ही औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणत असू. थेंब घातले की लाली जाई, म्हणून वर्षानुवर्षे तीच बाटली आणली. डॉक्टरबाईंनी त्या बाटलीचे नाव विचारले आणि कपाळावर आठी घातली. त्यात स्टेरॉइड होते. तसले थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. नशीब, तेवढे झाले नव्हते. पण चोळण्याने जे व्हायचे ते झाले होते. एकट्या चोळण्यानेच हा आजार होतो असे नाही. घराण्याचा भागही त्यात असतो. मात्र मऊ झालेल्या काचेला रोज मुठीने दाबणे म्हणजे भिजलेल्या बांधावरून रोज गाडी नेण्यासारखे आहे.

"आता उपाय?" भावाने विचारले.

त्यांनी सांगितले, "ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून त्यावर विशिष्ट प्रकाश सोडायचा. त्याने काच घट्ट होते आणि आजार बहुधा तिथेच थांबतो. उजव्या डोळ्याची जाडी ४१२ मायक्रॉन आहे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा भागांतले चार भाग, वर थोडेसे. नेहमीच्या पद्धतीला किमान ४०० लागते. मुलगी वाढत्या वयात आहे, तेव्हा महिन्याभरात करून घ्या."

भावाने माझ्याकडे पाहिले. पेरणी नुकतीच आटोपली होती, बियाणे-खतात हात रिकामा झाला होता. वहिनीच्या डोळ्यांत दुसरीच काळजी होती. पोरीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले असे गावात झाले तर उद्या सोयरीक कशी जुळायची? आणि मला मनातून वाटत होते, जीवनसत्त्वाचे थेंब ते काय, आज घातले काय नि चार महिन्यांनी घातले काय! मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू. कापूस घरी येऊ दे."

भाऊ लगेच म्हणाला, "दादा म्हणते तर विचार करूनच म्हणत असन."

ते वाक्य अजून माझ्या काळजात काट्यासारखे आहे. त्याने डॉक्टरांचे ऐकले असते. त्याने माझे ऐकले, कारण मी बी.एस्सी. आणि साहेब.

नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा गेलो. उजव्या डोळ्याची जाडी ३८६ भरली. लाल टेकडी आणखी उंच झाली होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्याच आठवड्यात डाव्या डोळ्याचा उपचार झाला. तो कसा करतात ते सांगतो, कारण न कळलेल्या गोष्टीची भीती जास्त असते. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. टोचणे नाही, भूल देऊन झोपवणे बहुधा लागत नाही. मग काचेवरची अगदी पातळ साल मध्यभागापुरती हलक्या हाताने काढतात, कारण औषध त्या सालीतून नीट आत मुरत नाही. ही साल नंतर आपोआप भरून येते. त्यानंतर रायबोफ्लेविनचे, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब दर काही मिनिटांनी घालत राहतात. मूळ पद्धतीत अर्धा तास असे थेंब आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश. आता जास्त तीव्र प्रकाश वापरून कमी वेळात करण्याच्या पद्धतीही आहेत. पोरीने बाहेर आल्यावर आजीला सांगितले, "आधी सारं पिवळं पिवळं, मंग निळा दिवा. दुखलं नाही, पण पापणी मिटू देत नाही न, त्याचा कंटाळा आला."

दुखले ते नंतर. दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग, पाणी, उजेड सहन न होणे. डोळ्यावर पट्टीसारखी एक मऊ लेन्स बसवून देतात; साल भरली की चार-पाच दिवसांनी काढतात. पहिले काही आठवडे नजर आधीपेक्षा धूसरच वाटते, त्याला घाबरायचे नाही. मात्र दुखणे वाढत गेले, पू आला, डोळा लालबुंद झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. क्वचित जंतूंची लागण होऊ शकते.

आता तुम्ही विचाराल, जीवनसत्त्वाच्या थेंबाने काच घट्ट कशी होते? मीही विचारले. त्याचे उत्तर मला आमच्या ओसरीवरच्या बाजेने नीट समजले. पारपटल हे कोलॅजन नावाच्या अतिसूक्ष्म दोऱ्यांचे विणलेले असते. बाजेची सुंभे ढिली पडली की ती मध्ये खाली बसते, तशी ही वीण ढिली पडली की काच पुढे येते. बाजेला दोरी ताणून आडवे बंध घातले की ती पुन्हा ताठ होते. थेंबांतले ब-२ जीवनसत्त्व अतिनील प्रकाश शोषून घेते आणि त्या जागी प्राणवायूचे चपळ कण तयार होतात. ते कण शेजारशेजारच्या दोऱ्यांत नवे बंध जोडून देतात. म्हणून ह्या उपचाराचे नाव क्रॉस-लिंकिंग, म्हणजे आडवे बंध घालणे. हेच पिवळे औषध दुसरे कामही करते. ते प्रकाश काचेतच अडवते, त्यामुळे आतल्या नाजूक पेशींपर्यंत तो फारसा पोचत नाही. काच ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ असेल तर हे संरक्षण अपुरे पडते, आणि त्या आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आमच्या चार महिन्यांनी नेमकी हीच रेघ ओलांडली होती.

हे जीवनसत्त्व तुमच्या घरचेच आहे. दूध नासले की वर जे हिरवट-पिवळे पाणी सुटते, त्याचा तो रंग ब-२ चा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते तीही ह्याच्यामुळे. दूध उन्हात ठेवले तर त्यातले हे जीवनसत्त्व नासते, इतके ते उजेडाला हळवे आहे. त्याच हळवेपणाचा उपयोग जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या संशोधकांनी करून घेतला. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी प्रयोग केले, आणि वोलेन्साक, श्पोर्ल व झायलर ह्या तिघांनी २००३ साली २२ रोग्यांच्या २३ डोळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या सर्व डोळ्यांत आजाराची वाढ थांबली होती. अमेरिकेच्या औषध खात्याने ह्या उपचाराला २०१६ साली मान्यता दिली.

पण येथे एक इशारा. जीवनसत्त्व घरचे आहे म्हणून उपचार घरी होत नाही. गोळ्या खाऊन, दूध डोळ्यात घालून, मध घालून किंवा सूर्याकडे पाहून हे बंध जुळत नाहीत; उलट डोळा जाईल. थेंबाची ताकद, प्रकाशाची जात आणि वेळ हे सारे मोजून ठरलेले असते. तणनाशकाचे प्रमाण अंदाजाने घेतले तर पिकाचे काय होते ते तुम्हांला सांगायला नको.

आम्ही शेतीवाले, एका प्लॉटवर भरवसा ठेवत नाही. शेजारी बिनफवारणीचा प्लॉट पाहिजे, तरच फरक कळतो. तसा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. वाढता केराटोकोनस असलेली दहा ते सोळा वर्षांची साठ मुले त्यांनी घेतली. निम्म्यांना क्रॉस-लिंकिंग केले, निम्म्यांना चष्मा-लेन्स वगैरे नेहमीची काळजी दिली. त्याचा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. दीड वर्षात उपचार केलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत आजार पुढे गेला. न केलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के मुलांत. मी हे आकडे वाचले तेव्हा आमची पोर पहिले चार महिने कोणत्या प्लॉटमध्ये होती, आणि तिथे तिला कोणी ठेवले, हेच मनात आले.

हा शहरातला आजार, आपल्याकडे कुठला, असे कोणी म्हणू नये. नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त माणसांचे डोळे तपासून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात दोनांहून थोड्या जास्त लोकांच्या पारपटलाचा बाक ह्या आजाराच्या मर्यादेत भरला. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा जुना, १९८६ चा आकडा साधारण दोन हजारांत एक असा होता. मोजण्याची फूटपट्टी दोन्हीकडे सारखी नव्हती, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येणार नाही. तरी आपल्या गावांत हा आजार दुर्मीळ नाही, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

उजव्या डोळ्याचे पुढे काय झाले? पातळ काचेसाठी औषधाचा एक वेगळा प्रकार असतो. त्याने काच तेवढ्यापुरती फुगते, जाड होते आणि मग प्रकाश देता येतो. डॉक्टरबाईंनी सारे धोके समजावून सांगितले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो उपचार केला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नकाशा काढतो. दोन्ही डोळ्यांतली टेकडी आहे तिथेच आहे. डाव्या डोळ्याला चष्म्याने फळा वाचता येतो. उजव्याला येत नाही. कारण हा उपचार बहुधा पुढचे बिघडणे थांबवतो, झालेले बिघडणे पुसत नाही. कोणाच्या डोळ्यात थोडा उतार पडतो, पण त्यावर विसंबता येत नाही. उजव्या डोळ्यात तिला कडक लेन्स घालावी लागते. ती वेडीवाकडी काच झाकून वर नवा गोल पृष्ठभाग देते. धुळीच्या दिवसांत तिचे हाल होतात. लेन्स विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही, त्यात डोळा नासवणारे जंतू असतात. त्यासाठीचे द्रावणच वापरायचे आणि साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. हा सारा संसार तिला आता रोज करायचा आहे. जुलैत गेलो असतो तर कदाचित तो टळला असता. कदाचित म्हणतो, कारण खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण संधी होती, ती मी घालवली.

ह्याच्याही पुढे गेलेल्या डोळ्यांना काच बदलणे, म्हणजे मेलेल्या माणसाच्या दानातून आलेले पारपटल बसवणे, हा मार्ग असतो. पहिले यशस्वी पारपटल-रोपण १९०५ साली एदुआर्द त्सिर्म ह्या डॉक्टराने आजच्या चेक देशात केले. तो रोगी चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. आपल्यासारखाच कष्टकरी. म्हणून सांगतो, घरात मृत्यू झाला तर दुःखातही सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवा. पण आपल्या मुलांवर दान मागायची वेळच का येऊ द्यावी?

तेव्हा वाचकहो, एवढे करा. दहा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींचा चष्मा वर्षाच्या आत पुन्हा बदलावा लागला, त्यातही तिरका नंबर वाढला, तर फक्त चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. नेत्रतज्ज्ञाला बुबुळाचा नकाशा काढायला सांगा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयांत विचारा. रात्री अंगणातून लांबचा एक दिवा दाखवा आणि एकेक डोळा झाकून किती दिसतात ते विचारा. खाज सुटली तर गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू देऊ नका, आणि थेंब डॉक्टरांना विचारूनच घाला. एका भावंडाला हा आजार निघाला तर बाकीच्यांचेही डोळे तपासून घ्या. आमच्या पोरीच्या धाकट्या भावाचा तपास करून आणला, तो निर्दोष निघाला. तरी त्याचा हात डोळ्याकडे गेला की आजी काठी आपटते. म्हणते, "घे, चोय, अन् मंग काकाजीले विचार दिवाळी कधी आहे ते!"

घरातले सारे हसतात. मीही हसतो.

पोरगी आता बारावी झाली आहे. मी एकदा तिच्यापाशी कबूल केले, की बाई, माझ्यामुळे उशीर झाला. ती लेन्स पुसत होती. म्हणाली, "काकाजी, तुम्ही गावोगाव फिरता. कपाशीचं सांगता तसं हेही सांगत जा."

म्हणून हे सांगितले. आता शेतीशाळेत बोंडअळीचे बोलून झाले की शेवटची पाच मिनिटे मी पोरांच्या डोळ्यांवर बोलतो. कोणी 'हंगाम आटोपला की बघू' म्हणाले, तर त्याला आमच्या घरी चहाला बोलावतो.